आवाजातली खरखर

येलहंक्याचे पुरुषोत्तम नाडगौडा सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले आणि घरातल्या लहान खोलीत त्यांनी रेकॉर्डिंगचं सामान मांडलं. पत्नी प्रेमाताई अंध मुलांसाठी गोष्टी वाचायच्या; पुरुषोत्तम त्या गोष्टींना तानपुऱ्याची, बासरीची साथ जोडायचे. हवाई दलाचं विमान डोक्यावरून गेलं की दोघं गप्प, आवाज विरला की पुन्हा सुरू. पाच वर्षं असं चाललं होतं.

जूनमध्ये एक लांबलचक गोष्ट ऐकून बघताना खरखर आली. कॉम्प्युटर जुना, प्रोसेसरवरचा भार नव्वद टक्के.

"फार ओझं झालंय बिचाऱ्याला," ते म्हणाले. आधी त्यांनी बफर वाढवला, म्हणजे यंत्राला जरा सवड मिळते. मग साथीचा एकेक ट्रॅक फ्रीझ केला; इफेक्टसकट तयार आवाज साठवून ठेवला, म्हणजे दर वेळी नव्याने हिशेब नको. भार तिसावर उतरला. बासरी स्वच्छ वाजू लागली.

खरखर होती तिथेच.

"आता नवा घ्या बाई एकदाचा," स्वयंपाकघरातून प्रेमाताई म्हणाल्या, आणि खाकरल्या.

त्यांनी बाकी सगळं बंद करून नुसतं प्रेमाताईंचं वाचन लावलं. भार चार टक्के. 'राजपुत्र' म्हणताना आवाज फाटला. पुन्हा लावलं, पुन्हा तिथेच फाटला. दमलेलं यंत्र दर वेळी वेगळ्याच जागी अडखळतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी मागची रेकॉर्डिंग काढली. मेमध्ये खरखर होती. मार्चमध्ये बारीकशी. जानेवारीत नव्हती. मार्चमध्येही त्यांनी मशीनलाच बोल लावला होता.

"प्रेमा, गिळताना दुखतं का गं?"

"स्वल्प. तुम्हाला कुणी सांगितलं?"

घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, मग पुन्हा एकदा पाहिलं.

"किती दिवस झाले, अम्मा?"

"पंधरावीस दिवस," प्रेमाताई म्हणाल्या.

"चार महिने," पुरुषोत्तम म्हणाले. त्या वळून त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

तपासणीत गाठ कर्करोगाची निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. ऑपरेशनआधी उरलेल्या आठ दिवसांत प्रेमाताईंनी दोन गोष्टी वाचून पुऱ्या केल्या. फाटलेला शब्द पुन्हा घ्यायला पुरुषोत्तमांनी एकदाही सांगितलं नाही.

ऑपरेशन झालं. गाठ मानेत उतरली होती. पुढचं तीन महिन्यांनी कळेल, डॉक्टर म्हणाले. शुद्धीवर आल्यावर प्रेमाताईंनी खुणेनं वही मागून घेतली आणि लिहिलं, 'गोष्टी ऐकणाऱ्या मुलांना काय सांगितलंत?'