बारा घरांच्या गोळ्यांचे वाटे

मुंबईच्या डॉक्टरचा प्रयोग आम्ही बुडवला, हे मी आज लपवत नाही. पण चूक त्याचीच. बारा कोळणींच्या हातात बारा पाकिटं देऊन त्याला वाटलं, प्रत्येकजण आपापलं पाकीट मुकाट सांभाळील. अरे, आमच्यात म्हावऱ्याचे वाटे पडल्याशिवाय कोण घरी जात नाही, तिथं गोळ्यांचं काय घेऊन बसलात!

तेव्हा दारूबंदी येऊन पाच-सात वर्षं झाली होती. म्हणजे आधी दुकानात मिळणारी दारू आता खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत मिळायला लागली होती, एवढाच फरक. माझा दादला होडीचा तांडेल, सुकाणू त्याच्या हातात. मासळी कुठं आहे ते त्याला नुसत्या पाण्याच्या रंगावरून कळायचं, पण संध्याकाळी आपलं घर कुठं आहे ते कळायचं नाही. त्या शिमग्याला पिऊन त्यानं होडी खडकावर घातली. माणसं वाचली, फळ्या फुटल्या. भागीदार म्हणाले, "आगोटीला, पावसाच्या तोंडावर, होड्या वर ओढू, तोवर बघतो. परत पिऊन दिसलास तर पावसानंतर सुकाणू दुसऱ्याच्या हातात." सुकाणू गेलं तर हा माणूसच उरायचा नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण राग असा डोक्यात गेला होता की मी त्याच्याशी बोलणंच टाकलं. भाकर समोर आदळायची आणि पाठ फिरवायची.

तेवढ्यात रेवसच्या लाँचमधून हा डॉक्टर उतरला. पोरगेला, चष्मेवाला, बुटात वाळू गेली म्हणून एका पायावर नाचणारा. त्यानं सगळ्यांना बसवून समजावलं. ही गोळी रोज सकाळी घ्यायची. वर दारू प्याली तर तोंड लाल होतं, काळीज धडधडतं, ओकारी येते, मग माणूस बाटलीला हात लावत नाही. पण बारांपैकी सहाच पाकिटांत खरी गोळी. बाकीच्या सहांत नुसता खडू, दिसायला अगदी तशीच. कुणाला कुठली ते त्यालाही ठाऊक नाही, यादी लखोट्यात बंद. त्याशिवाय म्हणे गोळीचा गुण कळत नाही.

"म्हणजे डोळ्यांदेखत सहाजणींना फसवणार?" मी विचारलं.

"ताई, फसवत नाही. आधीच सांगतोय."

"सांगून फसवलं की पुण्य लागतं का?"

त्यानं चष्मा पुसला. आमच्या बाप्यांनी कागदावर अंगठे दिले, तेही आम्ही मागं उभ्या होतो म्हणून. नियम एकच होता. बायकोनं पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभं राहायचं, नवरा गोळी गिळेपर्यंत हलायचं नाही. अबोला धरून असं तोंडासमोर उभं राहणं किती अवघड, ते एकदा करून बघा. तिसऱ्या दिवशी माझ्या तोंडून निघालंच, "तोंड उघड. जीभ वर कर." शिमग्यापासून मी त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

आठव्या दिवशी गेला बाबा तिवरांत. परत आला तो उकडलेल्या चिंबोरीसारखा लालबुंद. अंगणात बसला आणि भडाभडा ओकला. "मेलो गो, मेलो!" मला इतका आनंद झाला की पाणी द्यायचंही सुचलं नाही. आधी गावभर सांगून आले, खरी गोळी आमच्या घरात! भागीदारही म्हणाले, गोळीनंच धडा दिला, ही एक वेळ सोडली. त्यानंतर त्यानं थेंब घेतला नाही, आणि मी नाक वर करून हिंडायला लागले.

भिंतीपलीकडे माझी धाकटी जाऊ. तिचा दादला, म्हणजे माझा दीर, सकाळी गोळी खायचा, संध्याकाळी प्यायचा आणि वर गाणी म्हणायचा. "वैनी, आमची खडूची हाय! तब्येतीला लय बरी!" एक दिवस जाऊ आली. म्हणाली, "बाय, तुझ्यातल्या निम्म्या दे."

मी म्हटलं, "माझ्या घरचं सुकाणू पणाला लागलंय. तुझ्या नशिबी खडू आला त्याला मी काय करू?" खोटं कशाला सांगू, असंच म्हटलं. मग तिनं पदर बाजूला केला. गाल काळानिळा, सुजलेला. मला माझीच शरम वाटली. शरम वाटली की मला राग येतो, तसा आला, दिराचा, डॉक्टरचा, सगळ्यांचा. पाकीट उचललं आणि ओरडतच बाहेर पडले, "चला गो सगळ्या! आणा आपापली!"

बाराही पाकिटं सुपात ओतली, हातानं कालवली आणि बारा वाटे घातले. म्हावऱ्याला करतो तसंच एकीला पाठमोरी उभी केली. दुसरी वाट्यावर बोट ठेवून विचारायची, "ह्यो कुणाचा?" आणि ती न बघता घर सांगायची. कुणाची तक्रार नाही. मी मात्र मनात म्हणत होते, देवा, माझ्या खऱ्या गोळ्या चालल्या रे, निदान तू तरी बघून ठेव.

आणि मग काय मजा झाली म्हणता! आधी खडूवाले बिनघोर प्यायचे. आता हातावरची गोळी खरी की खोटी, ते बायकोलाही माहीत नाही. तिसऱ्या दिवशी दीर अर्ध्या गाण्यातच आडवा झाला. शुद्धीवर आला तसा जाऊला म्हणाला, "काय घातलंस गो मना?" ती म्हणाली, "मना काय ठाव? वाट्याला आलं ते." बाप्ये गोळ्या उन्हात धरून बघायचे, चाटून बघायचे. एकानं आपली गोळी कोंबडीला घातली आणि दिवसभर तिच्या मागं फिरला. महिन्याभरात बाराही घरं कोरडी ठणठणीत. तिवरांतला भट्टीवाला दारात येऊन म्हणाला, "बायांनो, माझ्या पोटावर पाय का देता?" त्याला कोयता दाखवला.

पावसाआधीच्या शेवटच्या लाँचनं डॉक्टर आला. आम्ही नारळ फोडला आणि वाट्यांची हकीकत मोठ्या अभिमानानं सांगितली. तो मटकन खालीच बसला.

"सगळ्या... एकत्र केल्यात?"

"अगदी सारख्या वाटल्या," जाऊ म्हणाली. "एक गोळी इकडची तिकडं न्हाय."

"अहो, सगळ्याच इकडच्या तिकडं झाल्या!" बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण बारा घरांतली दारू गेली, यात बिघडलं काय, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

"आता काय झाकायचं," म्हणत त्यानं लखोटा फाडला, आमच्या पाकिटाचा आकडा शोधला. "ताई, तुमची खडूची होती."

"आँ? मग हा ओकला तो कशानं? तेव्हा वाटे पडले नव्हते."

"भीतीनं. ओकारी येते असं मी सांगितलं होतं ना."

झालं! सगळा घोळका हसायला लागला. दीर तर वाळूत लोळला. खडू खाऊन ओकणारा तांडेल! मला वाटलं, एवढं हसं झाल्यावर हा माणूस सरळ तिवरांत जाणार, आणि होड्या वर ओढायला चारच दिवस राहिलेले. तो उठलाच. पण गेला डॉक्टरजवळ.

"गोळ्या उरल्यात का?"

"आहेत दोन्ही थोड्या थोड्या."

"खऱ्या धाकट्याला द्या. मना त्या खडूच्या द्या."

"अहो, त्यात काही नाही. आता तर तुम्हाला कळलंय."

"व्हय, कळलं. पण गोळी हाय तवर ही सकाळी तांब्या घेऊन माझ्यासमोर उभी ऱ्हाते. तोंड उघड म्हणते. गोळी बंद झाली का परत पाठ करील."

हसणं थांबलं. माझ्या तोंडाला अख्खा किनारा भ्यायचा, त्या मी डोळ्यांना पदर लावला आणि डॉक्टरवरच खेकसले, "ऐकलंत ना? मग द्या की!"

सुकाणू त्याच्याच हातात राहिलं. डॉक्टरच्या गोळ्या नारळी पुनवेच्या आतच संपल्या. मी तांब्या घेऊन उभी राहायची ती पुढंही राहिले, रोज सकाळी, तो होता तोवर.