मांडीवरची बरणी

देवानं इतर माणसांना पोट दिलं ते जेवण्यासाठी, पण माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना, म्हणजे आमच्या भावोजींना, ते ट्रकच्या पोटाची काळजी वाहायला दिलं होतं, हे मी देवाच्या पायावर हात ठेवून सांगायला तयार आहे. पानातली आमटी निवून जायची आणि हे गृहस्थ भाताच्या ढिगाला बोटानं भोक पाडून मला विचारायचे, "आता हे बघ. हा पिस्टन. इथं डिझेल आलं. सगळं जळलं का? नाही. मग न जळलेलं गेलं कुठं?" मी म्हणायचो, "भावोजी, भात निवतोय." त्यावर ते खिन्न होऊन म्हणायचे, "तेच तर! जळायच्या आधीच निवतं." अशा माणसाशी बोलायचं तरी काय? मी मुळात तापट नाही. कुणाला वाकडा शब्द बोललो तर दोन दिवस मलाच अन्न गोड लागत नाही. पण बदलापूरला अक्काकडे गेलो आणि दातओठ न खाता परत आलो, असं त्या वर्षांत क्वचितच घडलं. परत येताना वाटभर त्याचंही वाईट वाटायचं.

हे भावोजी आधी शाळेत विज्ञान शिकवत. सगळं सुरळीत चाललं होतं. पण फाळणीनंतर उल्हासनगरच्या छावणीत बराकींच्या जागी पक्क्या भिंती उठू लागल्या, भिंतींना रेती लागू लागली, आणि रेती तर बदलापूरच्या नदीत पडलेलीच होती. छावणीतल्या होतचंद नावाच्या कापडवाल्या सिंधी गृहस्थाशी भावोजींची कुठल्याशा दुकानाच्या ओट्यावर गाठ पडली, आणि दोघांनी भागीत एक जुना डिझेलचा ट्रक घेतला. डिझेलची गाडी तेव्हा आमच्या भागात नवलाची होती. भावोजींनी शाळेचा राजीनामा दिला. अक्का मला म्हणाली, "दुसरी बाई घरात आणली असती तर तिला निदान कामाला तरी लावलं असतं."

ट्रक चांगला होता, पण पिणारा होता. रेती नेऊन जे मिळे त्यातलं बरंचसं तोच पिऊन टाकी. होतचंद स्वभावानं मोकळा, पण व्यापारी माणूस. दसऱ्याच्या बऱ्याच आधी तो अक्काच्या ओसरीवर येऊन बसला आणि म्हणाला, "मास्तर साईं, ये गाडी है की हत्ती है? दिवाली तक देखता हूं. नहीं सुधरी तो बेच डालेंगे. गिऱ्हाईक तयार आहे." तो गेल्यावर भावोजी बराच वेळ अंगणात ट्रकच्या बॉनेटवर हात ठेवून उभे होते. शाळेत आता त्यांच्या जागी दुसरा मास्तर आला होता. ट्रक गेला तर या माणसाला सकाळी उठून जायला जागा उरणार नव्हती. हे त्यांना कळत होतं, अक्काला कळत होतं, मलाही कळत होतं. फक्त त्यावरचा उपाय त्यांनी शोधायला नको होता.

त्यांचा उपाय म्हणजे डिझेलमध्ये काहीतरी मिसळणं. कापूर मिसळावा, असं एक ड्रायव्हर म्हणाला होता. एरंडेल उत्तम, असं दुसरा. छावणीतल्या एका दुकानात निळ्या बाटलीत कसलंसं विलायती टॉनिक मिळे, त्यावरची अक्षरं कोणत्या भाषेतली हे दुकानदारालाही सांगता येत नसे. दुसरा कुणी असता तर त्यातलं एक घेऊन मोकळा झाला असता. भावोजी म्हणाले, "तुलना केल्याशिवाय निष्कर्ष नाही." आणि त्यांनी अक्काची लोणच्याची काचेची बरणी धुऊन घेतली.

प्रयोगाची रीत अशी. ट्रकमध्ये फाळक्याच्या काठापर्यंत रेती भरायची. टाकीची नळी बंद करायची आणि बरणीतून दुसरी नळी इंजिनला जोडायची. बरणीत अर्धा गॅलन डिझेल आणि त्या दिवशीचं औषध. मग बदलापुरातून अंबरनाथच्या दिशेनं निघायचं आणि गाडी आपोआप मरेपर्यंत जायचं. जिथं मरेल तिथं रस्त्याकडेच्या झाडावर पानाच्या डबीतल्या चुन्यानं खूण करायची. मला सुट्टी असली की मीही हवाच, कारण प्रयोगाला त्रयस्थ साक्षीदार लागतो. "मी त्रयस्थ कसला? मी तुमचा मेव्हणा!" असं मी ओरडलो की ते शांतपणे म्हणत, "म्हणजे तुझं माझ्याविषयी बरं मत नाही. उत्तम साक्षीदार!"

डिझेल गाडी कोरडी पडली की नळ्यांत हवा भरते, आणि ती हवा काढल्याशिवाय गाडी पुन्हा सुरू होत नाही. हे काम ड्रायव्हर गणपतकडे होतं. गणपत मोरिवलीचा आगरी, दांडगा माणूस. भर रस्त्यात पान्यानं नट सैल करून हातपंप मारता मारता तो म्हणे, "मास्तर, दुनियेची गारी डिझेल भरून चालते, तुमचीच उपाशी मारून चालवायची! सासरा माझा हवा कारायला येल काय?" भावोजी तेव्हा झाडाला चुना लावण्यात दंग असत.

पहिल्या दिवशी नुसतं डिझेल. त्या दिवशी धुराचा रंग पाहायचा म्हणून भावोजी मागे रेतीवर बसले, आणि बरणी गणपतनं शेजारी दोन गोणपाटांत दाबून बसवली. गाडी मोरिवलीच्या अलीकडे एका जांभळीखाली मेली. भावोजी धुरानं आणि रेतीनं असे माखले होते की अक्कानं त्यांना परसदारातून आत घेतलं. तेव्हापासून ते पुढे बसू लागले, बरणी मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी तिला कवटाळून. अंगात शाळेतला पांढरा कोट असे. रस्त्यात खड्डा दिसला की "गणपत! गणपत! सांडतंय!" असा त्यांचा गजर सुरू होई. गणपतही चरफडत, पण पोराला अंघोळ घालावी तशी गाडी हळूच खड्ड्यात उतरवून हळूच वर काढी.

आणि आश्चर्य म्हणजे औषधं लागू पडू लागली. एरंडेलाच्या दिवशी गाडी जांभूळ ओलांडून चिंचेपर्यंत गेली. वाटेत धुराचा असा वास सुटला की एका घरातून म्हातारी बाहेर येऊन विचारू लागली, "कुणाकडे तळण काढलंय?" टर्पेंटाईननं चिंचेच्या पुढचा आंबा गाठला. डांबराच्या गोळ्यांनी आणखी पुढे नेलं, पण त्या अक्काच्या ट्रंकेतल्या होत्या, त्यामुळे तिच्या लग्नातल्या शालूला कसर लागली. निळी बाटली साधारण तिथंच दमली. कापरानं मात्र कमाल केली. गाडी अंबरनाथ मागे टाकून एका वडापाशी थांबली. आमच्या घरात त्या रस्त्याची झाडं तेव्हापासून याच नावांनी ओळखली जातात. "एरंडेलाच्या चिंचेपाशी चप्पल तुटली," असं अक्का आजही सहज म्हणते आणि पाहुणे तिच्याकडे बघत राहतात.

कापूर जिंकला तो अक्काच्या देवघराच्या जिवावर. वाण्याकडचा कापूर आला की तो खलात कुटून आदल्या संध्याकाळी बरणीत विरघळवून ठेवायचा, हे काम भावोजींनी तिलाच लावून दिलं होतं. देवापुढे आरतीला वात तेवढी. अक्का म्हणायची, "तुमच्या इंजिनाला मोक्ष मिळेल, आम्ही राहू इथंच."

नवरात्रात भावोजींनी होतचंदला प्रयोग पाहायला बोलावलं. सकाळी पुढे गणपत, मधे मांडीवर बरणी घेतलेले भावोजी, खिडकीशी होतचंद, आणि मागे रेतीवर साक्षीदार. होतचंदलाही दहा पावलांत बरणीची भीती बसली. आता पुढून दोन आवाज येऊ लागले, "गणपत, सांडतंय!" आणि "अरे बाबा, धीरे, मेरा नया पायजमा!" जांभूळ गेली, चिंच गेली, आंबा गेला, वडही मागे पडला. गाडी चालतेच आहे! छावणीच्या पहिल्या बराकी दिसू लागल्या तेव्हा कुठे ती आचके देऊन थांबली. होतचंदनं रस्त्यातच भावोजींना मिठी मारली. "मास्तर, गाडी नाही विकायची! कापूर का पूरा डिब्बा मैं भेजता हूं!" भावोजींचे डोळे भरून आले होते. मीसुद्धा, इतक्या दिवसांचा राग विसरून, त्यांच्या कोटावरची रेती झटकली. रेती माझ्याच हाताची होती.

संध्याकाळी देवीची आरती सुरू झाली. अक्कानं तबकात कापूर पेटवला आणि देवघर कसं उजळून निघालं. भावोजी टाळ्या वाजवता वाजवता थांबले.

"कापूर कुठून आणलास? सगळा तर बरणीत घातला होता ना?"

"नाही घातला," अक्का ज्योत न हलवता म्हणाली. "नवरात्रात देवीला अंधारात ठेवू? बरणीला वास होताच, तुम्हाला कळलं नाही."

"मग आज गाडीत होतं काय?"

"नुसतं डिझेल. आणि तुम्ही. अहो, मांडीवर बरणी घेऊन नवरीसारखे बसता, तो बिचारा फुलांवरून चालवावी तशी गाडी चालवतो. अशी चालवली तर पाण्यावरही चालेल."

आरती तशीच राहिली. भावोजी पाटावर बसले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला धडकी भरली, कारण हा माणूस आता काय करणार हे मला कळलं. "भावोजी," मी हात जोडले, "होतचंदला सांगू नका. गाडी राहिली ना? कशानं राहिली याला काय महत्त्व?"

ते म्हणाले, "निष्कर्ष चुकीचा दिलाय रे मी."

सकाळी ते उल्हासनगरला गेले. मीही गेलो, निदान तोंड दाबता आलं तर पाहावं म्हणून. होतचंद दुकानात तागा उलगडत होता. भावोजींनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, जांभळीपासून. अखेरीस म्हणाले, "कापूर, एरंडेल, कशातच काही नाही. गाडी विकायची असेल तर विका." होतचंदनं तागा खाली ठेवला. मग तो हसू लागला ते इतकं की शेजारचे दुकानदार गोळा झाले. "अरे साईं! डिझेल बचा कि नहीं बचा? कापूर से बचे, तेरी मांडी से बचे, अपने को क्या! तू बस गाडी में. रोज बस. बरणी लेके बस!"

आणि भावोजी खरंच बसले. त्यानंतरची कित्येक वर्षं, रेतीच्या प्रत्येक खेपेला, मांडीवर काठोकाठ पाण्यानं भरलेली बरणी घेऊन. गाडी टाकीवर चालत होती, बरणी फक्त खड्ड्यांवर लक्ष ठेवायला. तेव्हापासून अक्काला लोणचं मडक्यात घालावं लागलं. गावातली माणसं हसत. अंबरनाथला मी नोकरीला होतो त्या कारखान्याच्या फाटकाशी तो ट्रक दिसला की माझे सोबती म्हणत, "ते बघ, तुझे भावोजी गंगा घेऊन चालले," आणि मी मान दुसरीकडे वळवी. आता वाटतं, एकदा तरी हात हलवायला हवा होता. त्यांनी तर बरणीमुळे हलवलाच नसता, पण ते हसले असते.

गेल्या उन्हाळ्यात भावोजी गेले. तेरावं उरकून मी अंबरनाथला परतायला निघालो, तर गणपत म्हणाला, "चला, गारी तिकरंच चाललीय." मी दार उघडलं. खिडकीशी पान्यांची पेटी, आणि मधल्या जागेवर बरणी होती, पाण्यानं काठोकाठ भरलेली, भावोजींच्या उपरण्यानं बांधून बसवलेली. बसायला जागा व्हावी म्हणून मी ती सोडवून मांडीवर घेतली. गणपतनं पाहिलं आणि गाडी सुरू केली.

जांभळीच्या अलीकडे खड्डा आला. गाडी हळूच उतरली, तरी थोडं पाणी माझ्या धोतरावर सांडलं. गणपतची नजर रस्त्यावरच होती. सवयीनं म्हणाला, "मास्तर, सांभाला."

मी कधीच मास्तर नव्हतो. "हो," म्हणालो, आणि बरणी दोन्ही हातांनी कवटाळली.