घर शोधायला गेलो, घरं बघत बसलो

टिळकवाडीतलं ते वरच्या मजल्यावरचं घर माझ्या हातचं गेलं, कारण घरमालकिणीच्या डब्यातले चार तांदूळ मी उचलून तोंडात टाकले आणि वर त्यांच्याबद्दल मत दिलं. मत कुणी विचारलं नव्हतं.

बायकोला बेळगावातल्या एका मोठ्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती. कायमची. गावच्या आरोग्य केंद्रात आठ वर्षं कंत्राटावर काढल्यानंतर लागलेली. एक जूनला सकाळी सात वाजता हजर व्हायचं होतं, आणि दवाखान्याच्या ऑफिसातून स्वच्छ सांगितलं होतं, की त्या दिवशी आला नाहीत तर यादीतल्या पुढच्या बाईंना फोन जाईल. आम्ही राहायला जांबोटीला. आमच्याकडची सकाळची पहिली गाडी बेळगावात पोचते तेव्हा सातची ड्यूटी सुरू होऊन दीड तास झालेला असतो, तेही गाडी आली तर. म्हणजे बेळगावात घर मिळालं तर नोकरी, नाही मिळालं तर परत आरोग्य केंद्र.

मी खानापूरच्या हायस्कुलात शिक्षक. मे महिना, शाळेला सुट्टी, बायकोला मात्र शेवटच्या दिवसापर्यंत कामावर जायचं, म्हणून घर शोधायची जबाबदारी माझ्याकडं आली. निघताना तिने एवढंच सांगितलं होतं: दोन खोल्या, पाणी, आणि दवाखान्यात चालत जाता यावं.

"बाकी काय बघत बसू नकासा," ती म्हणाली.

तिचं आणि माझं लग्न होऊन बारा वर्षं झालीत. तिला माहीत होतं.

भाड्याचं घर ही गोष्टच मला नवी. आमच्या गावात रिकाम्या घरात राहायला माणूस मिळाला तर घरवाला त्याचेच उपकार मानतो. चूल पेटती राहिली, वाळवी लागली नाही, एवढ्यावर तो खूश. बेळगावात पहिल्या दिवशी दोन खोल्यांचं भाडं ऐकलं तेव्हा मी एजंटाला विचारलं, हे वर्षाचं का? तो हसला नाही. जांबोटीच्या बाजूचं गिऱ्हाईक त्याला पहिलं नसावं. साठीचा, बारीक, जुन्या स्कूटरवरून फिरणारा माणूस. मी त्याला अण्णा म्हणायचो, तो मला सर म्हणायचा, आणि दिवस जातील तसा त्या 'सर'मधला आदर कमी होत गेला.

तर ते टिळकवाडीतलं घर. मालकीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका, नवरा वकील, तीन पिढ्या तिथंच राहिलेली माणसं. मी शिक्षक म्हटल्यावर बाईंचा चेहरा खुलला, बायको नर्स म्हटल्यावर आणखी खुलला. भाडं आमच्या आवाक्याच्या जरा वर होतं ते त्यांनी आपणहून खाली आणलं. वर दोन खोल्या, पुढं गच्ची, दवाखाना चालत पंधरा मिनिटं. सगळं ठरल्यासारखंच होतं. फक्त पाण्याच्या मोटरचं बटण दाखवायचं राहिलं होतं, आणि ते होतं बाईंच्या स्वयंपाकघरात.

बटणाच्या खाली तांदळाचा डबा. पत्र्याचा, मोठा, वर 'बासमती' लिहिलेली चिठ्ठी. झाकण काढून ठेवलेलं आणि शेजारी सूप.

आता हे शहरातल्या माणसाला सांगून पटणार नाही, पण आमच्या भातवाल्या मुलखात उघड्या तांदळाजवळून हात न घालता जाता येत नाही. कुणाच्याही घरी गेलात तर बोलता बोलता भिंतीकडेच्या पोत्यात हात जातो. तळव्यावर चार दाणे घ्यायचे, फुंकर मारायची, वास घ्यायचा आणि एक दाणा दाताखाली धरायचा. जुना असेल तर कट्कन तुटतो, नवा असेल तर त्याचं पीठ होतं. मग घरवाल्याकडं बघून बोलायचं: कुठल्या शेतातला, पाऊस कमी पडला का, मळणीला उशीर झाला का. यात कुणाला राग येत नाही. उलट पावणा पोत्याकडं न बघता गेला तर घरातली माणसं विचारात पडतात, ह्याचं काय बिनसलं म्हणून.

त्यामुळं माझा हात कधी डब्यात गेला ते मला कळलंच नाही. कळलं तेव्हा दाणा दाताखाली होता.

"बाई," मी म्हणालो, "हा बासमती म्हणून कुणी दिला तुम्हाला? ह्यात निम्मा दुसराच मिसळलाय. फसवलं तुम्हाला."

एजंट खोकला. बाई माझ्या हाताकडं बघत होत्या.

"माझ्या भावानं पाठवलाय," त्या म्हणाल्या. "दरवर्षी पाठवतो."

इथं गप्प बसणारा माणूस आज टिळकवाडीत राहत असता. मी बाईंना धीर द्यायला गेलो. म्हणालो, भाऊ तसे नसतील, त्यांना दुकानदारानं गंडवलं असेल. बाई म्हणाल्या, भावाच्या स्वतःच्या शेतातला आहे. यावर मला खरोखर कुतूहल वाटलं, कारण शेतातनं सरळ आलेल्या तांदळात असली सरमिसळ होतच नाही, मुद्दाम केल्याशिवाय. तेही मी बोललो.

बाईंनी शांतपणे झाकण उचललं. लावण्याआधी मात्र एकदा आत वाकून बघितलं. तुम्हाला कळवते, असं म्हणाल्या आणि दारापर्यंत पोचवायलासुद्धा आल्या. रीतीची माणसं. रस्त्यावर आल्यावर एजंटानं हेल्मेट घातलं, परत काढलं, आणि उद्या दुसरीकडं जाऊ म्हणाला, फक्त तिथं काही तोंडात घालू नका.

घरी येऊन मी सगळं खरं सांगितलं. बायको ताटं घेत होती. तिनं विचारलं, "मिसळलेला होता का पण?"

"व्हय. शंभर टक्के."

"मग घर गेलं ते गेलं, त्या बाईचं माहेर तुटलं," असं म्हणून तिनं मला वाढलं.

दुसरं घर रेल्वे गेटाजवळच्या अपार्टमेंटमध्ये. मालक एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. तिथं मी हात पाठीमागं बांधून गेलो. पण तोंडाला कोण बांधणार? दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, एकावर एक, एखाद्या पोराची उंची मोजलेल्या. सगळ्यात वरची रेघ माझ्या कमरेला लागत होती. पुढं वाढायच्या आतच ती माणसं गेली म्हणायची. कुठं गेली? का गेली? किती वर्षं होती? मालक म्हणाले, असेल कोणीतरी. कोणीतरी कसं, मी म्हणालो, तुमचेच भाडेकरू ना? मग आधीचे कोण? ह्या बिल्डिंगीत तुमचे असे किती फ्लॅट? ते सगळे तुमच्याच नावावर आहेत का?

शेवटचा प्रश्न मी निव्वळ बोलणं वाढवायला विचारला होता. मालकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, हा फ्लॅट तसा भाड्याला द्यायचाच नाही, पावण्यांसाठी ठेवलाय, एजंटाचा काहीतरी घोटाळा झाला असेल. चहा न देता त्यांनी आम्हाला लिफ्टमध्ये बसवलं आणि दार बंद होईपर्यंत नमस्काराचे हात खाली घेतले नाहीत. खाली आल्यावर एजंट म्हणाला की त्यांना तुम्ही टॅक्सवाले वाटलासा. मला आधी जरा बरंच वाटलं. मग आठवलं, की घर गेलं.

पण त्या पेन्सिलीच्या रेघा काही डोक्यातून जाईनात. गाडी जांबोटीच्या घाटाला लागेपर्यंत मी तोच हिशोब करत होतो, की ते पोर आता केवढं असेल, आणि नव्या घराच्या चौकटीला रेघा मारायला तिथला मालक देत असेल का. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मी घसरलो. इतकी वर्षं मी बेळगावात येत होतो, बाजार, कोर्ट, दवाखाना बघत होतो, पण बंद दारांच्या आत माणसं कशी राहतात हे कधी दिसलं नव्हतं. आता एजंट नुसती बेल वाजवायचा, आणि मालक स्वतः मला बेडरूमपासून मोरीपर्यंत सगळं दाखवायचा. असली संधी गावात पुजाऱ्यालासुद्धा मिळत नाही.

घरांवरचे बोर्ड मी देवनागरी, कानडी, इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांत वाचू लागलो. कुठं फक्त फॅमिलीसाठी, कुठं फक्त शाकाहारी. एका दारावर 'फक्त शांत माणसांना' असं होतं, तिथं मी एजंटाला थांबायला लावलं. शांतपणा तपासतात कसा, हे मला बघायचं होतं. त्यानं स्कूटर थांबवली नाही.

मग मी त्याला खोटं सांगितलं. म्हणालो, अण्णा, बायकोचा पगार वाढणार आहे, जरा मोठी घरं दाखवा. त्यानं बिचाऱ्यानं विश्वास ठेवला. तीन दिवस मी मोठी घरं बघितली. एका घरात देवघराला वेगळं दार आणि दाराला बेल होती. एका घरात जेवणाचं टेबल एवढं लांब, की पलीकडच्या माणसाला भाजी हवी असेल तर फोन करावा लागेल. मालक आणि मालकीण दोघंच राहायचे आणि जेवायचे सोफ्यावर. हे मी मनात लिहून ठेवत होतो. कॅलेंडर मात्र बघत नव्हतो.

मे संपायला सहा दिवस राहिले तेव्हा बायकोचा नवा युनिफॉर्म शिवून आला. तिनं तो घडी मोडून खुंटीला अडकवला. मी संध्याकाळी आलो तो उत्साहात. चहा हातात घेऊन सांगायला बसलो, की आज एका घरात आंघोळीचा टब बघितला. पांढराशुभ्र, माणूस आडवा झोपेल एवढा. आणि त्यात काय असेल सांग. कांदे. टब काठोकाठ कांद्यांनी भरलेला. हवेशीर राहतात म्हणे.

बायको ऐकून घेत होती. मग म्हणाली, "ते घर आपल्याला परवडतंय?"

"न्हाय."

"किती लांब हाय दवाखान्यापासनं?"

"रिक्षा लागती."

"मग गेलतासा कशाला?"

खुंटीवरचा तो युनिफॉर्म बरोबर माझ्यासमोर होता. बघायला, असं मी शेवटी पुटपुटलो. ती उठली, एजंटाचा नंबर माझ्या मोबाइलमधून स्वतःच्या मोबाइलमध्ये घेतला, आणि रविवारी मी जाते म्हणाली. मी येऊ का, असं विचारलं. ती म्हणाली, तुमच्याकडं म्हशीला वैरण घालायचं काम हाय.

रविवारी सकाळच्या गाडीनं ती गेली. साडेअकराला फोन आला. "मिळालं," ती म्हणाली. मागं बाजाराचा आवाज येत होता, म्हणजे ती भाजीसुद्धा घेत होती.

मला आनंद झालाच, पण त्याच्या पाठोपाठ प्रश्न आले. खिडकी कुठल्या बाजूला? आधी कोण होतं? मालकीण एकटीच का, पोरं कुठं असतात? शेजारी काय करतात?

"इचारलं न्हाय."

"मग बघितलंस तरी काय?"

"नळ सोडून बघितला. दाराला कडी बसती का बघितली. आणि तिथनं दवाखान्यापर्यंत चालत जाऊन आले. बारा मिनिटं लागली."

मालकीणबाईंनी तिला एकच विचारलं होतं म्हणे, की आठवड्यातून एकदा माझं बीपी बघशील का. बघीन म्हणाली. संपलं. बारा वर्षांत मी माझ्या बायकोला कधी एवढा घाबरलो नव्हतो, आणि कधी एवढं कौतुकही वाटलं नव्हतं. मी म्हशीला जाऊन सांगितलं, घर मिळालं.

एकतीस मेला सामान घेऊन आम्ही टेम्पोनं पोचलो. दुमजली जुनं घर, खाली मालकीण, वर आम्ही. मालकीण सत्तरीच्या, नऊवारी, पायऱ्यांवर बसून लसूण सोलत होत्या. सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणते. टेम्पोत बायकोनं माझ्याकडून शब्द घेतला होता, की आज दिवसभर गप्प राहायचं. मी पहिली पेटी वर नेली, गप्प. गादी नेली, गप्प. तिसऱ्या खेपेला जिन्याखाली एक बुटकं दार दिसलं. कुलूप लावलेलं, कुलपाला गंज, पण कडी मात्र वापरातली, चकचकीत.

आता सांगा, कुलूप गंजलेलं आणि कडी चकचकीत हे कसं?

मी डोक्यावरची भांड्यांची पाटी खाली ठेवली आणि आक्कांना विचारलं. आत काय असतं? किल्ली कुणाकडं? मग कडी एवढी कशानं घासली गेलीय? बोलता बोलता वाकून फटीला डोळाही लावला. आत अंधार होता, वास जरा ओळखीचा, जुन्या तांदळाचा वाटला, म्हणून तेही विचारलं.

आक्कांनी लसणाची पाकळी सुपात टाकली. माझ्याकडं बघितलंच नाही. वर गॅलरीत युनिफॉर्म दोरीवर टांगणाऱ्या बायकोकडं मान वर करून त्या म्हणाल्या, "पोरी, नवरा हाय म्हणून सांगितलीस. असला हाय म्हणून न्हाय सांगितलीस."