सोफ्यात मुरलेला वास

आमच्या हॉलमधल्या सोफ्याला वास यायला लागला, तेव्हा माझे वडील आमच्याकडे राहायला आलेले होते. एवढ्या एका योगायोगावर सगळा निवाडा झाला. मी कोर्टात स्टेनो होते. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय तिथं बांधाच्या भांडणाचाही निकाल लागत नाही, आणि माझ्याच घरात माझ्या बापाला कुणी एक शब्द विचारला नाही. इतकी वर्षं झाली, तरी हे सांगायला बसले की माझे कान तापतात.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. कन्नडच्या पुढं, घाटाच्या अंगाला आमचं गाव. आबांनी आयुष्यभर मेंढरं वळली. आई गेल्यावर त्यांनी कळप विकला आणि घरापुढच्या कोरडवाहू तुकड्यात बाजरी, मका करत राहिले. माझ्या नवऱ्याचं घराणं गंगापूरकडचं, उसाचं, बागायतीचं. तोही कोर्टातच होता; लग्न आमचं आम्हीच ठरवलं. त्याच्या घरच्यांनी ते मान्य केलं, म्हणजे विरोध करायचं थांबवलं. तोंडावर कुणी काही बोलत नसे, पण माझ्या माहेरचा विषय निघाला की कुणीतरी पटकन चहाचं विचारायचं.

आबांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला, म्हणून मी त्यांना औरंगाबादला आणलं. ऑपरेशन झालं. थोडे दिवस इथंच राहायचं, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, थेंब टाकत राहायचे आणि पुन्हा तपासणीला यायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. गारखेड्याला आमचा लहानसा फ्लॅट होता, वरच्या मजल्यावर. हॉलमध्ये खिडकीत कूलर आणि खिडकीखाली भिंतीला टेकवलेला कापडी सोफा. फिकट पिस्ता रंगाचा. नवऱ्याचा त्याच्यावर भारी जीव. आबा आधी खालीच बसायचे. मीच हट्टानं त्यांना सोफ्यावर बसवलं, झोपायलाही तिथंच लावलं, कारण कूलरचं वारं तिथंच नीट लागायचं.

थोड्या दिवसांत वास सुरू झाला. आंबट, कुबट, ओल्या बोचक्यासारखा. मी फरशी पुसली, पडदे धुतले, वास काही जाईना.

अशात माझी मोठी नणंद आबांना बघायला आली. क्रांती चौकाच्या पलीकडं राहायची, येणं-जाणं असायचं. आंबे घेऊन आली, सोफ्यावर बसली आणि नाकाला पदर लावला.

"अगं, वास कसला येतोय? मेंढराच्या वाड्यात बसल्यासारखं वाटतंय!"

आणि हसली. सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला आबा बसले होते. डोळ्यांवर काळा चष्मा होता त्यांच्या, कानांवर नव्हता. ते सावकाश उठले, भिंत चाचपत गॅलरीत गेले आणि उन्हात उभे राहिले.

"ताई, हे काय बोललात?" मी म्हटलं.

"अगं, गंमत केली! तू लगेच मनाला लावून घेतेस."

माझा नवरा तिथंच होता. तो आंबे मोजल्यासारखा पिशवीत बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो येताना प्लास्टिक घेऊन आला. जेवणाच्या टेबलावर घालतात तसलं, द्राक्षांचे घड छापलेलं. ते त्यानं सोफ्याच्या त्या बाजूला पसरलं, जिथं आबा बसायचे. फक्त त्या बाजूला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"औषध वगैरे सांडलं तर डाग पडतील."

"डोळ्याच्या औषधाचे? थेंबांचे?"

"तू प्रत्येक गोष्टीचा वाद का करतेस?"

आबांनी हातानं प्लास्टिक चाचपलं. त्याचा कडकड आवाज झाला. मग त्यांनी स्वतःचं घोंगडं काढून भिंतीकडं अंथरलं. "खालीच बरं, माय," ते म्हणाले, "फरशी गार लागती." मी प्लास्टिक ओढून काढलं आणि बोळा करून फेकलं, पण आबा परत वर बसले नाहीत. त्यानंतर दोनच दिवसांनी त्यांनी पिशवी भरली. गावात शेजारच्यांकडं लगीन आहे म्हणाले.

"आबा, तपासणी राहिलीय."

"कन्नडला बी डॉक्टर हाय की."

स्टँडवर एसटीत बसवून दिलं, तेव्हा खिडकीतून एवढंच म्हणाले, "जावईबापूंना काय बोलू नको. लई चांगलं माणूस हाय." मी बोलले असते तर तिथंच, त्या गर्दीत, ओरडले असते.

आबा गेले. वास गेला नाही. उलट वाढला. नवरा ऑफिसातून आला की दारातच नाक वाकडं करायचा.

"मुरलाय सोफ्यात," तो एकदा म्हणाला. "आता सहजासहजी जायचा नाही."

"काय मुरलंय?"

तो गप्प बसला. त्या गप्प बसण्यानंच माझं डोकं फिरलं. मी ठरवलं, हा सोफा मीच धुणार.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं तिच्या घरची रीत सांगितली. आधी खायचा सोडा भुरभुरायचा, तासभर ठेवायचा, झाडून घ्यायचा. मग कोमट पाण्यात पांढरं व्हिनेगर आणि भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब, असं बाटलीत भरून फवारायचं, मऊ ब्रशानं घासायचं, स्वच्छ फडक्यानं टिपायचं. "सोडा आणि व्हिनेगर एकदम नको घालू, नुसता फेस होतो, उपयोग काही नाही," असं बजावलं. "आणि आधी मागं, दिसणार नाही अशा जागी लावून बघ, नाहीतर रंग उतरायचा."

आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. त्या दिवशी रजा टाकली. बादल्या, घंगाळ, कळशा, सगळं भरून घेतलं. सोडा टाकला, झाडला, पाणी कोमट केलं, काचा पुसायच्या लिक्विडच्या रिकाम्या बाटलीत मिश्रण भरलं. आणि रंग तपासायला सोफा भिंतीपासून ओढला.

सोफ्याची पाठ काळी पडली होती. खालपासून निम्म्यापर्यंत. कापडावर बुरशीचे हिरवे-काळे ठिपके होते. हात दाबला तर आतल्या फोममधून बोटांवर पाणी आलं, पिवळट, आणि तो वास. तोच. नाकाजवळ बोटं न्यायचीही गरज पडली नाही.

वर पाहिलं. कूलरची खालची टाकी गंजली होती. तिच्या कोपऱ्यातून एक एक थेंब भिंतीवरून घरंगळत सरळ सोफ्याच्या पाठीत शिरत होता, त्यामुळं फरशीवर कधी दिसलाच नाही. त्या वर्षी कूलर नवऱ्यानं स्वतः बसवला होता. मेकॅनिकला बोलावू म्हटलं तर म्हणाला होता, त्यात काय एवढं. शिवाय पाणी वाया जायला नको म्हणून टाकीतलं जुनं पाणी तो कधी उपसत नसे, त्याच्यातच वरून भर घालायचा. ते शेवाळलेलं पाणी माझ्या बापाच्या डोक्यामागं ठिबकत होतं आणि माझा बाप बोल ऐकून घेत होता.

मी खाली बसले. रडले नाही. राग इतका आला होता की रडायला जागा उरली नव्हती. मग उठून फोन लावला. आधी नवऱ्याला, मग नणंदेला. दोघांनाही एकच सांगितलं: आत्ताच्या आत्ता घरी या.

दोघं घाबरून आले. नवऱ्याला वाटलं आबांचं काहीतरी बरं-वाईट झालं.

"इथं या," मी म्हटलं. "ताई, हात लावा."

"अगं, किती घाण आहे ती!"

"हात लावा."

त्यांनी बोटाचं टोक लावलं आणि झटकन मागं घेतलं.

"आता वास घ्या. मेंढराचा आहे का?"

नवऱ्यानं वर कूलरकडं पाहिलं, भिंतीवरच्या ओघळाकडं पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. नणंद मात्र म्हणाली, "आम्हाला काय माहीत गं? कुणालाही तसंच वाटलं असतं."

"कुणालाही नाही. तुम्हाला वाटलं. सोफा ओढून बघायच्या आधी तुम्हाला माझा बाप दिसला."

"चूक झाली," नवरा म्हणाला. हळू, जमिनीकडं बघत.

"माझ्याजवळ नको म्हणूस," मी म्हटलं. "आणि हे मी एकटी नाही घासणार."

आम्ही स्क्रू ड्रायव्हरनं मागच्या पिना काढल्या, आतलं सडलेलं अस्तर फाडून टाकलं. कूलर बंद केला, टाकी उपसली. मग तो अवजड सोफा गच्चीवर न्यायचा होता. "ताई, त्या बाजूनं धरा," मी म्हटलं, आणि माझी नणंद, भरजरी नाही पण इस्त्रीची साडी नेसलेली, जिन्यात धापा टाकत सोफ्याचं टोक धरून वर चढली. मला तिची दया आली नाही.

गच्चीवर रणरणतं ऊन. फोम दाबून दाबून पाणी काढलं, जुन्या टॉवेलांनी टिपलं, पुन्हा सोडा, पुन्हा झाडणं, मग व्हिनेगरचं पाणी आणि ब्रश. नवरा घासत होता, मी टिपत होते. टिपलेलं फडकं बादलीत पिळलं की पाणी चहासारखं व्हायचं. तीन-चार वेळा पाणी बदललं. मग नुसत्या साध्या पाण्याचा हात फिरवला आणि सोफा उन्हात उलटा टाकला. आधी व्हिनेगरचा वास आला, नाकात झोंबणारा. पुढचे दोन दिवस ऊन दिल्यावर तोही गेला. पाठीवर नकाशासारखा एक डाग तेवढा राहिला.

रविवारी आम्ही दोघं गावाकडं गेलो. नवऱ्यानं आबांना सगळं सांगितलं. कूलर, गंज, थेंब, काही झाकलं नाही. "माझं चुकलं, मामा," तो म्हणाला. आबांनी ऐकून घेतलं आणि त्याला पाणी दिलं. नवरा पाय मोकळे करायला बाहेर गेला, तेव्हा मी जरा ताठ्यानंच म्हटलं, "बघा आबा, वास तुमचा नव्हताच."

"ते मला ठावं होतं, माय," आबा म्हणाले. "पर आसता तर?"

त्यांनी चुलीत एक काटकी सारली.

"मेंढराचा वास आसता, तर काय झालं आसतं? त्याच्यातच वाढलीस की तू. तुला कधी घाण वाटला?"

"नाय, आबा."

"मग झालं."

ते एवढंच म्हणाले आणि उठून चुलीतली लाकडं मागं ओढू लागले. मी बसूनच राहिले. मी त्यांना निर्दोष ठरवून आले होते आणि गुन्हा कुठला होता, तेच त्यांनी विचारलं. राग तर मला आधीच होता. तो त्या प्रश्नानं दुप्पट झाला. कारण कूलर गळत नसता तर? वास खरंच त्यांच्या घोंगड्याचा असता तर? मग प्लास्टिक बरोबर ठरलं असतं का?

आबा आमच्याबरोबर तपासणीला आले. डोळा चांगला निघाला. घरी आल्यावर नवऱ्यानं त्यांचा हात धरून सोफ्यावर बसवलं आणि स्वतः खाली बसला. आबा अवघडले, पण बसले. नंतर ते दरवर्षी उन्हाळ्यात यायचे, चार दिवस राहायचे, नवऱ्याबरोबर पावसापाण्याच्या गप्पा मारायचे. त्या दोघांचं जमलं, हे मी मान्य करते.

नणंदेनं मात्र आबांची कधी माफी मागितली नाही. पुढच्या वर्षी तिच्या दिवाणावर नातवंडानं दूध सांडलं आणि त्याला वास यायला लागला, तेव्हा तिचा फोन आला.

"अगं, ते तू सोफ्याला काय लावलं होतंस? व्हिनेगर किती घ्यायचं?"

त्या दुधाच्या वासाला ती काय म्हणत होती, कोणाच्या वाड्यासारखा वाटत होता, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी तिला प्रमाण सांगितलं, सोडा आधी टाकायचा हेही सांगितलं. "कसला घाण वास येत होता ना तेव्हा तुमच्या सोफ्याला," ती म्हणाली, "कूलर गळत होता, नाही का?"

"व्हय," मी म्हटलं, आबांच्या बोलीत, मुद्दाम. आणि फोन ठेवून दिला.