अर्थिंगच्या खड्ड्यातली बादली

कुसुमताईंचा डावा कान माझ्यामुळे गेला.

आज सकाळी अमरावतीत ताई गेल्या, म्हणून हे लिहितेय. त्या असताना लिहायची हिंमत झाली नाही.

साठच्या दशकातली गोष्ट आहे. अमरावती-अकोला लाइनवरच्या एका लहान गावात टेलिफोन एक्स्चेंज होतं. गावाचं नाव लिहीत नाही. एक खोली, एक बोर्ड, दोन ऑपरेटर. ताई सीनियर. मी नवीन, वय वीस.

ताई छप्पन साली धम्मदीक्षा घेतलेल्या घरातल्या. घरातली पहिली सरकारी नोकरी त्यांची. अमरावतीचे ऑपरेटर नुसत्या "हॅलो"वरून त्यांना ओळखायचे.

खोलीमागे अर्थिंगचा खड्डा होता. तारेवर वीज पडली तर ती या खड्ड्यातून जमिनीत जायची. पण आमची काळी माती उन्हाळ्यात अशी भेगाळते की हात आत जाईल. माती कोरडी पडली की वीज जमिनीत उतरत नाही, दुसरी वाट शोधते.

म्हणून रोज सकाळी खड्ड्यात एक बादली पाणी ओतायचं. ते काम लाइनमन रामदासभाऊंचं. खारपाणपट्ट्यातली विहीर, माणसाच्या तोंडी न लागणारं पाणी. खड्ड्याला मात्र उत्तम, खाऱ्या ओलीतून वीज चटकन उतरते.

मे महिन्यात रामदासभाऊ मुलीच्या लग्नासाठी आठ दिवस रजेवर गेले. जाताना बादली माझ्या हातात दिली.

"पोरी, एक दिवस बी चुकू नको. आभाय इचारून येत नाही."

दोन दिवस ओतलं. तिसऱ्या दिवशी मागच्या वाटेवर कडब्याची गाडी थांबली होती. बैलांच्या तोंडाला फेस. गाडीवान बादलीकडे पाहत राहिला.

मी बादली बैलांपुढे ठेवली. म्हटलं, एका दिवसानं काय होतं.

मग गाडी रोज यायला लागली आणि मी रोज बादली ठेवायला लागले. विहीर तळाला गेलेली, दुसरी बादली भरायची म्हणजे ड्यूटीला उशीर.

खरं सांगू? आळस केला. वर आपण पुण्य करतोय असंही वाटायचं.

सहाव्या दिवशी दुपारी पश्चिमेला आभाळ काळंनिळं झालं. वारा पडला. कावळेसुद्धा गप्प. पावसाचा थेंब नाही, नुसतं लांबवर गुरगुरणं.

बोर्डवर मी होते. गरजलं की हेडसेट काढायचा, बोर्डात खोचलेल्या कॉर्ड उपसायच्या आणि हात मांडीवर ठेवून बसायचं, हा ताईंचा नियम. मी तसंच केलं.

तेवढ्यात गावचे डॉक्टर धावत आले. एक बाई अडली होती. अमरावतीहून मोटार मागवायची होती, लगेच.

ताईंनी एकदा खिडकीबाहेर पाहिलं. "उठ शालू, मी बसते."

"ताई, गरजून राहिलं ना."

"अर्थिंग पक्कं हाये आपलं. रोज पानी पडून राहिलं ना त्यात?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. एक वाक्य पुरलं असतं.

मी मान डोलावली.

लाइन लागली. ताईंनी निरोप सांगितला, पत्ता दोनदा सांगितला, अगदी शांतपणे. "मोटार निघते म्हणतात," असं डॉक्टरांना म्हणाल्या आणि हेडसेट काढायला हात वर नेला.

खोली पांढरी झाली. लोखंडी तवा फरशीवर आपटावा तसा आवाज आला.

ताई ओरडल्या नाहीत. हेडसेट काढून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काही बोलत काहून नाही तू?"

मी बोलत होते. केव्हाची "ताई, ताई" करत होते.

उजवा कान आठवड्याभरात परत आला. हेडसेट डाव्या कानावर होता, तो आलाच नाही.

बाळंतीण वाचली. हे सांगायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी चौकशीला साहेब आले. ते मागे जाऊन खड्डा बघून आले आणि म्हणाले, "ओला आहे. नशीब, दुसरं काय."

मी पाणी ओतलं नव्हतं. रामदासभाऊ परतले नव्हते. मला काहीच कळेना, आणि मी विचारलंही नाही. माझी नोकरी वाचली होती ना.

ताईंना बोर्डवरून काढलं. अकोल्याला फायलींवर बसवलं. तो आवाज पुन्हा कधी लाइनवर आला नाही.

पुढे तीसेक वर्षं आमचं जाणंयेणं राहिलं. मी कायम त्यांच्या उजव्या हाताला बसायचे. पण त्या दिवसाचा विषय काढला नाही.

मग माझ्या मुलाने कॉम्प्युटरमध्ये मोडेमचं कार्ड बसवायला घेतलं, तेव्हा ताई घरी आल्या होत्या. सोबतचा माहितीचा कागद त्या चष्मा लावून मोठ्याने वाचायला लागल्या. आधी मेनचा प्लग काढा. फोनची पिन काढा. धातूला हात लावून अंगातली वीज उतरवा, मगच कार्ड धरा. ढग गरजत असताना लाइन जोडू नका. अर्थिंग तपासा.

तिथे त्या थांबल्या.

"ताई," मी म्हटलं, "त्या दिवशी खड्डा कोरडा होता."

कागदावरची नजर त्यांनी हलवली नाही. "मले मालूम हाये. सायेब यायच्या आंधी पायलं, अन् मीच पानी टाकलं."

मला रडू फुटलं.

"बैलायले पाजलं, ते गाडीवानानं सांगतलं मले मंग. त्याचं मले काही नाही."

कागदाची घडी घालून त्यांनी मुलाकडे दिली.

"पन मी तुले इचारलं होतं, शालू."

त्यानंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही. मीही नाही.

आज अकोल्यात दुपारपासून आभाळ भरून आलंय. राउटरची पिन काढून ठेवली आहे, मोबाइलवर लिहितेय. घरामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात आत्ताच बादली ओतून आले. सगळी.

ताई, तुम्ही विचारलं होतं.

नाही. पाणी पडलं नव्हतं.

जयभीम, ताई.