रंगनाथची बाजू

मित्रहो, एका गुप्तहेराच्या चित्रपटमालिकेचा शेवटचा भाग आज दुपारी पाहिला. अखेरीस नायक स्फोटात मरतो. मला हा शेवट तर्कशुद्ध वाटला. जो दर वेळी जीव पणाला लावतो, तो एकदा हरणारच.

आधीचे सर्व भाग मी रंगनाथसोबत पाहिले होते. वाळूजच्या कारखान्यात फोरमन असलेला हा माझा मित्र प्रत्येक वेळी माझ्या विरुद्ध बाजूने भांडत असे. गेल्या उन्हाळ्यात तो वारला.

चित्रपटगृहाबाहेर चहाच्या टपरीवर दोन तरुण कामगारांचा वाद जुंपला होता.

“लई चुकीचं केलं राव! हिरोला मारतेत व्हय?”

“मग काय काठी टेकेपर्यंत पळवायचा त्याला? काका, तुम्हीच सांगा.”

मी माझे मत सांगण्यासाठीच तोंड उघडले, पण बोलून गेलो, “प्रेत कुठं दाखवलंय? मग मेला कशावरून?”

“पॉइंट आहे काका!” पहिला खूश झाला.

हा युक्तिवाद रंगनाथचा. तो असता तर त्यानेच हा मांडला असता आणि मी दोन वाक्यांत खोडून काढला असता. आज मात्र तो खोडला जाऊ नये, असे मनापासून वाटत राहिले.

ज्याचे तुमच्याशी कधीच पटले नाही, त्याच्या माघारी त्याची बाजू तुम्ही कधी लढवली आहे काय?