होडीवरचं पान

तुन ल्विन मूळचा ब्रह्मदेशचा. मासेमारीच्या जहाजावर मरमर राबून, शेवटी पाण्यात उडी टाकून तो मालुकूच्या या बेटाला लागला. रोझिनाने त्याला आधी जेवू घातलं, मग नवरा करून घेतलं. गावानेही त्याला आपला म्हटलं. पण निवडणुकीचं नाव काढलं की अजून तो तिथून उठून जायचा. तो लहान असताना, निकालाच्या रात्री जिंकलेल्यांची माणसं त्यांच्या दारात आली होती. हरलेल्या बाजूचा त्याचा बाप त्यांच्याबरोबर गेला तो गेलाच.

आणि आता त्याची बायकोच गावप्रमुखाच्या निवडणुकीला उभी! समोर तिचा मामेभाऊ बेनेदिक, अंगाने नुसता रेडा.

संध्याकाळी मंडपात मोजणी लागली. परदेशी म्हणून तुनला मत नव्हतं. तो खांबाला टेकून बघत होता. एकेक मतपत्रिका दिव्यासमोर धरायची, खिळ्याने भोक कुठे पाडलंय ते सगळ्यांना दाखवायचं, आणि मत खरं असलं की साऱ्या गावाने ओरडायचं, "साह!" एका पत्रिकेत दोन्ही उमेदवारांच्या फोटोंना भोकं निघाली.

"ही माझी आत्या!" बेनेदिक ओरडला. "लेकीला नाही म्हणवेना, भाच्यालाही नाही म्हणवेना!"

मंडपात हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. रोझिनाच्या आईने त्याला चप्पल दाखवली. तुनला मात्र कळेना, यांना हसू सुचतं तरी कसं?

रोझिना हरली. बेनेदिकची माणसं नाचू लागली तसा तुन मागच्या मागे सटकला. गाठोडं त्याने दुपारीच बांधून ठेवलं होतं. ते काखोटीला मारून तो किनाऱ्याकडे धावला. आधी होडी काढायची, मग रोझिनाला घेऊन पलीकडचं बेट गाठायचं.

होडीला माडाचं विणलेलं पान बांधलेलं होतं.

असं पान बांधलेल्या वस्तूला या बेटावर कोणी हात लावत नाही. ज्याने बांधलं त्यानेच ते सोडायचं. म्हणजे जिंकणाऱ्यांनी वाट अडवली! त्याने सुरी काढली, पण हात धजेना. इतक्यात मागे बेनेदिकचा आवाज आला.

"दाजी! मासे कधीच कापून झालेत, सुरी कशाला? जेवायला चला की!"

"हे पान तू बांधलंस?"

"मी कशाला बांधू?"

"मी बांधलं," त्याच्यामागून रोझिना आली. "सकाळी, मत टाकायच्या आधी. मला ठाऊक होतं, हे ध्यान पळणार."

"अगं, तू हरलीस!"

"हरले ना. म्हणूनच आज याच्या घरी जेवायचं आणि घासागणिक याला टोमणे मारायचे. हरणाऱ्याचा तेवढा मान असतो आमच्यात. आण ते गाठोडं इकडे. माझी चांगली लुंगी कोंबली असशील त्यात, ती नेसायचीय मला."

तुन वाळूत मटकन बसला. आधी हसू आलं, मग रडू, मग दोन्ही एकदम. लहानपणापासून छातीवर असलेला धोंडा उतरला होता.

जेवणं झाल्यावर रोझिना म्हणाली, "चल, पान सोडते. पहाटे मासेमारीला जायचंय ना तुला?"

"राहू दे ते," तुन म्हणाला. "उद्या बेनेदिकच्या होडीतून जातो."